बायकोसाठी घेतलेला जिताडा

चैन करायला पैसा लागतो असं म्हणणाऱ्या माणसाला चैन कळलेलीच नाही, असं जगन घरतचं ठाम मत होतं. पैसा लागतो तो खर्चाला! चैनीला लागतं नियोजन! आणि नियोजनात आपला हात धरणारा माणूस पळस्प्यापासून करंजाड्यापर्यंत सापडायचा नाही, हेही तो कुणी न विचारता सांगायचा.

मंडळी, त्याचं नियोजन होतंच तसं. पळस्प्याजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात तो कारकून. पगार आला म्हणेपर्यंत गेलेला असायचा. पण चैन रोज! वडापाववाल्याकडून वडा न घेता कढईतला गरम चुरा आणि वर लसणीची चटणी कागदात मागून घ्यायची, ही एक चैन. मॉलमध्ये शिरून अत्तराच्या दुकानात दोन्ही मनगटांवर वेगवेगळे फवारे मारून घ्यायचे आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून बाहेर पडायचं, ही दुसरी. उन्हाळ्यात फर्निचरच्या शोरूममध्ये एसीखाली सोफ्यावर बसून "हाच जरा मोठ्या मापात मिळेल का?" अशी चौकशी करायची. सोफा मोठ्या मापात आला की त्यावरही बसून बघायचं. संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठावर खारे चणे खात दुसऱ्यांच्या आइस्क्रीमबद्दल मत द्यायचं. आइस्क्रीम स्वतः घेतलंच, तर कप एक आणि चमचे दोन. झाकण जगन चाटणार. "खरी मलई झाकणालाच असते," असं तो बायकोला समजावून सांगायचा. कप बायकोला देतोय म्हणजे त्यागच करतोय, असा त्याचा चेहरा असायचा. मात्र कपातही अर्धा वाटा त्याचाच असे.

ऑफिसात त्याला सगळे चैनसम्राट म्हणायचे. त्यातली चेष्टा त्याला कळायची नाही असं नाही. पण पदवी ती पदवी! फुकट मिळालेली, म्हणजे तीही चैनच.

या साम्राज्याला पहिला तडा गेला तो एका रात्री जेवताना. वेणू, म्हणजे जगनची बायको, सुक्या बोंबलांचं कालवण वाढत होती. जगन नेहमीप्रमाणे व्याख्यान देत होता.

"आता हाच बोंबील बघ. डोळे मिटून खाल्ला ना, तर पापलेटच वाटतो!"

"मग डोळं मिटून जिताडा खाऊ का?" वेणू म्हणाली.

"म्हणजे?"

"मी जिताडा कधी खाल्लाच नाय."

जगनचा घास हातातच राहिला. वेणूचं माहेर खाडीकाठचं. तिच्या वडिलांचं, काशिरामचं, शेताच्या कडेला स्वतःचं तळं! त्यात बारमाही जिताडे, मासळीतला राजा! त्या बाईनं जिताडा खाल्ला नाही?

"अवो, धरलेत मी. गळ्यापर्यंत पाण्यात उतरून धरलेत! पण जिताडा काय घरात खायला असतो? एक तलाठ्याला. एक डाक्टरला. भावाला नोकरी लावायची होती, तवा एक सायबाला. मोठा मासा निघाला की बा बोलायचा, वेणू, पान काढ. केळीच्या पानात घालायचा न् पाटी डोक्यावर घेऊन मी द्यायला जायचं. आमी घरी काय खायचो? कोलीम, ती बारकी सुकट!"

एवढं बोलून तिनं त्याला आणखी कालवण वाढलं. तक्रारीचा सूर नव्हता. तेच जगनला जास्त लागलं. मंडळी, आपल्या या भागात जिताडा हा मासा नाहीच, तो वशिला आहे. ज्याला पोसायला येतो त्याला खायला येत नाही. जगनलाही हे ठाऊक होतं. पण ज्या बाईला आपण झाकण चाटण्याचं तत्त्वज्ञान शिकवत होतो, तिनं आयुष्यभर आख्खे जिताडे नुसते पोचवले होते, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

आणि त्यानं ठरवलं. वेणूला जिताडा खायला घालायचा! तुकडी नाही, आख्खा! तिनं डोक्यावर वाहिला तसा!

त्यासाठी सगळ्या चैनी बंद झाल्या. चणे बंद, आइस्क्रीम बंद, दुपारचा दुसरा चहा बंद. चुराही बंद, कारण चुरा फुकट असला तरी तो मागायला गेलं की वडा खावासा वाटतो. एका चैनीसाठी बाकी सगळ्या चैनींचा बळी गेला. ऑफिसात लोक विचारायला लागले, "सम्राट, राज्य गेलं काय?"

शेवटी एका शनिवारी जगन सकाळीच पनवेलच्या मासळी बाजारात गोदूबाईसमोर उभा राहिला. गोदूबाई त्याची जुनी मासेवाली. आजवर तो तिच्याकडे भाव फार विचारायचा आणि मांदेली घ्यायचा.

"जिताडा दे," जगन म्हणाला.

गोदूबाईनं हातातला कोयता खाली ठेवला. "कुणाकडं काम अडलंय रं?"

"कुणाकडं नाही. घरी खायला."

"घरी कोण येनार हाय? आमदार?"

"कोणी नाही ग! बायकोसाठी घेतोय."

गोदूबाई शेजारणीकडे बघून अशी हसली, की तिच्या पाटीतले बोंबील हलले. "बायकोकडं काय काम अडलंय तुजं? बरं बरं, नाव नको सांगू. मी कुनाला बोलत नाय."

तिनं टोपलीच्या तळातून एक कोवळा, पण देखणा जिताडा काढला. जगन "खवलं काढून दे, तुकड्या कर" म्हणेपर्यंत तिनं तो तसाच आख्खा केळीच्या पानात गुंडाळला, वर सुतळी बांधली, शेपूट बरोबर बाहेर ठेवली. "द्यायचा मासा कापत नसतात," ती म्हणाली. "नि दोनी हातांनी दे. एका हातानं दिला तर काम होत नाय."

जगनची अडचण एकच होती. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. मासा आत्ता घरी नेला तर वेणू लगेच कापून, शिजवून, डब्यात घालून त्यालाच खाऊ घालणार, आणि स्वतः म्हणणार, मला काय, मी कालवण घेते. आपण समोर बसून तिला खाऊ घालायचा, असं त्याचं नियोजन होतं. तर मासा दुपारपर्यंत ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवावा आणि मग ऐटीत घरी न्यावा.

फारूकच्या सहा सीटर रिक्षात तो पळस्प्याला निघाला. फारूक त्याच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा.

"माशाल्ला! काय जिताडा हाय! कोणाला नेताय, जगनभाय?"

"वेणूला. पण सांगू नको कुणाला."

फारूकनं मागे वळून बघितलं. मग पुढे बघितलं. "खुदाकसम, पहिल्यांदा ऐकतोय असं," तो म्हणाला. अख्ख्या पनवेलात जगनवर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस निघाला. आणि पुढच्या संकटाला त्याचा विश्वासच कारण झाला, ते पुढे येईलच.

ऑफिसच्या फ्रिजमध्ये जिताडा मावेना! तिरका केला तर दार लागेना, उभा केला तर बर्फाचा कप्पा आड येई. शेवटी जगननं एक डबा बाजूला सारला, ताकाची बाटली दाराशी लावली आणि मासा कोंबला. शेपूट मात्र फटीतून बाहेर राहिली. त्यानं तिच्यावर हात पुसायचा नॅपकिन टाकला.

तो डबा आणि ते ताक मितेशचं होतं. मितेश शहा, जगनच्या शेजारच्या टेबलाचा कारकून, जन्मापासून शाकाहारी. कांदासुद्धा तो लांबूनच बघायचा. अकराच्या सुमाराला त्यानं ताक काढायला फ्रिज उघडला, नॅपकिन ओढला आणि जोरात ओरडला.

पण मितेशही पक्का पनवेलकर! ओरडून झाल्यावर त्यानं नीट बघितलं. पान. सुतळी. बाहेर काढलेली शेपूट. त्याचा चेहरा बदलला. ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी होती. उमेदवार दोघंच, तो आणि जगन!

"जगन्या," तो दात आवळून म्हणाला, "डायरेक्ट जिताडा? निदान एक शब्द बोलायचास यार! मीपण ड्रायफ्रूट आणला असता!"

"अरे, तो बायकोसाठी आहे!"

"कोणाच्या?"

"माझ्या!"

"स्वतःच्या बायकोला कोणी सुतळी बांधून मासा देतो का? मला काय येडा समजतोस?"

आणि तो थेट वसुंधरा मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. मॅडम नागपूरहून बदलून आलेल्या मॅनेजर. स्वभावानं सरळ, कामाला कडक. समुद्र त्यांनी सहलीत बघितलेला आणि मासा फक्त काचेच्या पेटीत.

"मॅडम, ऑफिसच्या फ्रिजमध्ये फिश आहे! माझे थेपले त्याच्या शेजारी आहेत! हे हायजिनिक नाही!"

मॅडमनी घंटी वाजवून काळूरामला बोलावलं. काळूराम यार्डाचा वॉचमन, लगतच्याच गावचा. "तो मासा बाहेर काढा," मॅडम म्हणाल्या.

काळूराम गेला, फ्रिज उघडला आणि हात जोडूनच परत आला.

"मॅडम, त्यो जिताडा हाय."

"जो कोणी असेल तो. बाहेर काढा."

"त्याला भायेर नाय काढत, मॅडम. त्याला सायबाच्या घरी नेतात. आमच्याकडं कुनी जिताडा आनला ना, का समजायचं, मान दिला. त्यो परत केला तर अख्ख्या गावाचं तोंड उतरतं. आदीच्या सायबानं आमच्या गावदेवीच्या जत्रंचा नारळ परत पाठवलेला. दुसऱ्या दिवशी गेटावर ट्रॅक्टर आडवा! तीन दिस एक कंटेनर हलला नाय!"

मॅडमच्या डोळ्यांसमोर तो ट्रॅक्टर उभा राहिला. शिवाय नुकतंच कंपनीनं त्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं होतं: स्थानिकांच्या भावनांचा आदर. त्यांनी पदर खोचला. म्हणजे ओढणी.

दहा मिनिटांत सगळा स्टाफ पाण्याच्या मशीनपाशी गोळा झाला. मॅडमच्या दोन्ही हातांत जिताडा! लहान मुलाला पोलिओचा डोस द्यायला आणल्यासारखा त्यांनी तो धरला होता.

"जगनराव," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही संकोचानं बोलला नाहीत. पण तुमची भावना माझ्यापर्यंत पोचली. मी या भागात नवीन आहे. तुम्ही मला आपलं मानलंत! मी हा मासा आदरपूर्वक स्वीकारते!"

टाळ्या! काळूरामनं डोळे पुसले. मितेशनंही वाजवायच्या म्हणून दोन वाजवल्या.

मंडळी, इथं जगननं तोंड उघडलं. खरंच उघडलं! "मॅडम, तो माझ्या बायकोसाठी आहे" हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "अशी माणसं जबाबदारीच्या जागी हवीत," आणि वाक्य परत गिळलं गेलं. हेडक्लार्क! म्हणजे चण्यांऐवजी काजू! आपल्या आवडत्या माणसासाठी आपण जीव देऊ, असं सगळ्यांनाच वाटतं. बढतीचा विषय निघाला की जीव जरा थांबतो. जगन दात काढून उभा राहिला. कुणीतरी फोटो काढला. मॅडम, जगन आणि जिताडा. त्यात चेहरा ठिकाणावर होता तो फक्त जिताड्याचा.

दुपारी मॅडमची गाडी मासा घेऊन गेली. केळीचं एक पान तेवढं फ्रिजमध्ये राहिलं होतं. जगननं ते पिशवीत घातलं आणि घरी निघाला. वाटेत त्यानं मनाची समजूत घातली. वेणूला काही माहीतच नाही. ज्याची आशा नाही, त्याचं दुःखही नाही. पुढच्या वेळी आणू! नियोजन करू!

करंजाड्याला बिल्डिंगच्या जिन्यातच खोबरं-लसूण परतल्याचा वास आला. तो वास दुसऱ्या मजल्यावरचा असावा, अशी त्यानं देवाला विनंती केली. पण वास तिसऱ्या मजल्यापर्यंत बरोबर आला आणि त्याच्याच दारात शिरला.

आत वेणू! लग्नकार्यातली जांभळी साडी नेसलेली! ओट्यावर वाटलेला मसाला, कोळलेली चिंच, परातीत तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ. फारूकची बायको फहमिदा कोथिंबीर निवडत बसलेली. फारूकनं विश्वास ठेवला तो इथवर पोचला होता!

"आलाव?" वेणू हसली. असं हसलेली ती त्यानं बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. "फारूकभायनं सांगितलं. मी आयेला पन फोन केला. आयेला खरंच वाटंना! कुठं हाय?"

जगननं पिशवीत हात घातला. "पान आणलंय," तो म्हणाला.

फहमिदानं कोथिंबीर खाली ठेवली. "या अल्ला," ती पुटपुटली आणि भिंतीकडे बघायला लागली.

मग जगननं सगळं सांगितलं. सांगताना स्वतःला वाचवायची त्याची बरीच धडपड झाली. "मी दिला नाही ग! त्यांनी घेतला! मी नुसता उभा होतो!"

"तोंड नव्हतं तुमाला?"

"होतं. पण ते हेडक्लार्कचं..."

वेणू तव्याकडे वळली. तव्यावरचं तेल धुरकटायला लागलं, तेव्हा तिनं गॅस बंद केला. "बा द्यायचा तवा त्याच्याकडं दुसरं काय नव्हतं द्यायला," ती म्हणाली. "आनि त्यो आमच्यासाठी म्हनून आनायचा नाय. तुमी माझ्यासाठी आनला न् मग दिलाव." जगनला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदम ती उठली. मसाल्याची वाटी झाकली, चिंचेचं भांडं घेतलं, आणि ओट्याखालून मासे कापायची मोरली काढली.

"फारूकभाय खाली हायत का?"

"वेणू, मोरली कशाला?"

"मॅडमचं घर माहीत हाय ना तुमाला? चला!"

नवीन पनवेलच्या त्या टॉवरपर्यंत जगन रिक्षात बायकोच्या समोर बसून होता. मोरली दोघांच्या मध्ये. फारूक आरशातून बघत होता आणि हळूच वेग वाढवत होता. टॉवरच्या गेटवर वॉचमननं "किसके यहां?" विचारलं, मोरली बघितली आणि स्वतःच लिफ्टचं बटण दाबून दिलं. वर जाता जाता जगननं देवाला कबूल केलं, की नोकरी गेली तरी चालेल, पण पोलीस नकोत.

बेल वाजली. दार उघडलं. दारात वसुंधरा मॅडम. केस विस्कटलेले, चष्म्याच्या काचेवर दोन खवले चिकटलेले, हातात बटाट्याची सालकाढणी!

"अरे बाप्पा! जगनराव! देवासारखे धावून आलात! तो माझ्याकडे बघतोय हो! मी तीन व्हिडिओ पाहिले, तिन्ही व्हिडिओंतला मासा वेगळा!"

मागे सोफ्यावर मितेश बसला होता, मांडीवर ड्रायफ्रूटचा डबा आणि वर थेपल्यांचा. बाजी पलटवायला तो आधीच पोचला होता. नाकाला त्यानं रुमाल लावला होता.

जगननं डोळे मिटले. आता वेणू बोलणार! आता सगळं बाहेर येणार!

"मॅडम," वेणू गोड आवाजात म्हणाली, "आमच्यात जिताडा नुसता देत नाय. ज्या घरातनं येतो त्या घरच्या बाईनं येऊन तो कापून, शिजवून द्यायचा, अशी पद्धत हाय. मला यायला जरा उशीर झाला."

जगननं डोळे उघडले. अशी पद्धत त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

"किती सुंदर प्रथा!" मॅडम गहिवरल्या. "खरंच का, जगनराव?"

"हो," जगन म्हणाला. "फार जुनी आहे."

वेणू मोरली मांडून बसली आणि बघता बघता खवले, कल्ले, तुकड्या! मॅडम तोंडाचा आ करून बघत राहिल्या. डोक्याचं नि शेपटीचं चिंच घालून कालवण झालं, तुकड्या तव्यावर चुरचुरायला लागल्या, आणि पंधराव्या मजल्यावरच्या त्या गुळगुळीत स्वयंपाकघराला पहिल्यांदा घराचा वास आला. मितेश खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पण रुमाल त्यानं खिशात ठेवला होता.

"आता बसायचं ना जेवायला?" वेणूनं हातातली ताटली तशीच धरून ठेवलेली बघून मॅडम म्हणाल्या, "की आणखी काही प्रथा आहे?"

"हाय ना! मधली पयली तुकडी घरच्या बाईनं खायची. आनि जिला मासा दिला, तिनं सोताच्या हातानं वाढायची."

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी वेणूला खुर्ची ओढून दिली!

वेणू टेबलाशी बसली. डोक्यावर पंखा, अंगावर एसी, समोर काचेची डिश. कंटेनर यार्डाच्या मॅनेजर तिला वाकून वाढत होत्या: "ही घ्या. आणखी एक. भात देऊ का?" तिनं मधल्या तुकडीचा घास मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. कुठलाही बोंबील पापलेट वाटावा म्हणून मिटलेले नव्हते ते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, तिखट झालं का?" मॅडमनी घाईनं पाणी पुढे केलं.

"नाय वो," वेणू म्हणाली आणि दुसरी तुकडी घेतली.

जगन भिंतीला टेकून बघत होता. आजवर त्यानं या बाईला कुणी वाढताना पाहिलंच नव्हतं. त्यानंही कधी वाढलं नव्हतं. छातीत काहीतरी हललं. पोटातही हललं, कारण सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

"आणि जगनराव?" मॅडमनी विचारलं.

"देनाऱ्यानं खायचा नसतो," वेणू तोंडातला घास न थांबवता म्हणाली. "त्यानं दिला ना!"

मॅडमनी आदरानं मान हलवली. "आणि खाली तुमचा रिक्षावाला थांबलाय म्हणालात, तो?"

"ज्याच्या गाडीतनं आला त्याच्या घरी दोन तुकड्या. तशी पन पद्धत हाय."

डबा भरला गेला. मॅडम स्वतः कालवण-भात घेऊन बसल्या आणि पहिल्या घासालाच "अरे बाप्पा!" म्हणाल्या. पुढे बराच वेळ त्यांना बोलायला सवड झाली नाही. मितेशला जगनची दया आली असावी. त्यानं थेपल्यांचा डबा पुढे केला. दोघे उमेदवार सोफ्यावर शेजारी बसून थेपले खाऊ लागले.

मितेशनं हळूच विषय काढला. "मॅडम, ते हेडक्लार्कच्या पोस्टचं काही..."

"ती होय?" मॅडम बोटं चाटत म्हणाल्या. "ती हेड ऑफिसनं मागच्या आठवड्यातच भरली. पुण्याहून येतायत एकजण. कळवायचं राहून गेलं बघा."

मितेशला ठसका लागला. जगननं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, ड्रायफ्रूटचा डबा उघडला आणि न विचारता मूठभर काजू तोंडात टाकले.

परतताना उन्हं कलली होती. फारूक पुढे गाणं गुणगुणत होता, शेजारी डबा गरम होता. वेणू टेकून बसली होती, हाताचा वास घेत.

"कसा लागला?" जगननं घाबरत विचारलं.

वेणूनं जरा विचार केला. "लय चांगला," ती म्हणाली. "एवढा चांगला लागतो हे माहीत नवतं. आपलं लगीन ठरवताना बानं तुमच्या घरी दोन जिताडे धाडलेले. मला तवा चव माहीत आसती ना, तर बांगडेच धाडले आसते! सोयरीक झाली तर झाली, नाय तर ऱ्हायली."

जगन रस्त्याकडे बघत बसला. ते दोन्ही जिताडे जवळजवळ एकट्यानं त्यानंच खाल्ले होते, आणि मुलगी बघायला जायच्या आधीच हात धुता धुता होकार कळवून टाकला होता, हे सांगायची ही वेळ नव्हती.